तात्यांच्या टाकीवरच्या रेघा

पखवाज जरा थांबवा. टाळ मांडीवर ठेवा. मंडळी, ऐका — आज आधी एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही. पंगतीला उशीर झाला तरी चालेल, आमटी कुठं पळून जात नाही. प्रश्न सोपा आहे. वाईट काम करणाऱ्याला दोष लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण जो नुसता बघतो, त्याचं काय? हात लावला नाही, तोंड उघडलं नाही, आपल्या ओट्यावर बसून बघितलं आणि 'वा वा' म्हटलं — त्याला काही लागतं का?

मागं कोण 'नाही' म्हणालं? म्हणा, लाजू नका. दोन महिन्यांपूर्वी मीही नाहीच म्हणालो असतो. छातीवर हात ठेवून म्हणालो असतो.

आता एक कबुली देतो. तुम्हाला वाटतं, महाराज दुपारी जेवून ग्रंथ उघडून बसतात. महाराज मोबाईल उघडून बसतात! आणि बघतात काय? हसू नका. जुन्या गंजलेल्या वस्तू नव्या करतात, त्याचे व्हिडिओ. कुणाला विहिरीत पडलेली कुऱ्हाड सापडते, कुणाला उकिरड्यातलं शिवणयंत्र, कुणी जुनी मोटारसायकल पूर्ण सुटी करून पहिल्यापासून बांधतो. एकही माणूस बोलत नाही. नुसते हात दिसतात. जाम झालेल्या नटावर तेलाचे दोन थेंब पडतात, पाना लागतो, नट आधी हट्ट करतो आणि मग 'कट्' करून सुटतो. काय सांगू तुम्हाला, माझ्या मानेची शीर मोकळी होते! मग तारेचा ब्रश, मग वाळूचा मारा, मग खालून पांढरं लखलखीत लोखंड. मग रंग. आणि शेवटी पहिली किक. तीन वर्षं बघतोय मी. आमच्या घरच्या म्हणतात, "अहो, आपल्या पंपाला गंज चढलाय, तो कधी बघणार?" मी म्हणतो, "थांब, हा माणूस आत्ता सीट शिवतोय."

म्हणजे मी परका नाही, मंडळी. मी त्यातलाच आहे. म्हणून आज माझा आवाज चढणार आहे, आणि तो आधी माझ्यावरच चढणार आहे.

तर, आपल्याच तालुक्याच्या गावी विक्रांत लोहार नावाचा एक मिस्त्री आहे. तिशीतला, हाताला विलक्षण कसब. त्याच्या व्हिडिओंचं नाव काय? 'गंजमुक्ती गॅरेज'. मला नावच इतकं आवडलं! मुक्ती म्हटलं की आमची गाडी तिथं थांबतेच. एका दुपारी त्याचा नवा व्हिडिओ आला. एक जुनी मोटारसायकल, दोन सायलेन्सरची, जिला किकचाच दांडा पुढं ढकलला की गिअर होतो. तुमच्यातल्या पांढऱ्या केसांना ती आठवत असेल. गंजलेली, लाल झालेली, बघवत नव्हती. विक्रांतनं ती सोडवली. मागचं लोखंडी कॅरिअर कापून टाकलं, हँडल खाली घेतलं, छोटीशी नवी सीट बसवली, एकदम शर्यतीची गाडी. आणि सातव्या मिनिटाला पेट्रोलची टाकी घेतली. टाकीवर दोन्ही बाजूंनी ओरखडेच ओरखडे. त्यानं त्यावर मशीन फिरवलं. सर्र... सर्र... ओरखडे गेले. आरशासारखी टाकी निघाली. मी तो भाग मागं घेऊन तीनदा बघितला.

शेवट तर ऐका. गाडीवरचं कापड ओढलं. समोर तिचा मालक, एक आंधळा म्हातारा. त्यानं टाकीवर हात ठेवला, हात फिरवला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाठीमागे बासरी. मीही रडलो, मंडळी! उपरण्यानं डोळे पुसले आणि त्या व्हिडिओखाली माझ्या हातानं लिहिलं — 'सुंदर जीर्णोद्धार! धन्य ते हात! रामकृष्णहरी.' खाली माझं नाव, मागं 'हरिभक्तिपरायण' लावून. फोटोसकट.

आता तो म्हातारा कोण, ते सांगतो.

त्यांचं नाव हैबतराव जगदाळे. कुसगावचे. सगळे तात्या म्हणतात. सरकारी नोकरी, जनावरांच्या दवाखान्यात. तुमच्या भाषेत ढोर डॉक्टर. एकतीस वर्षं हा माणूस त्या गाडीवरून डोंगरातल्या बावीस वाड्या फिरला. मागच्या कॅरिअरला औषधांची पत्र्याची पेटी. कुणाची गाय अडली, कुणाच्या म्हशीचं रेडकू पोटात आडवं आलं, की तात्या निघाले. काम झालं की हात धुवायचे, चहा घ्यायचा, आणि त्या घराच्या दारातच खिशातून खिळा काढून गाडीच्या टाकीवर एक रेघ ओढायची. गाय असेल तर उभी रेघ. म्हैस असेल तर तिरकी. आणि जनावर वाचलं नाही तर त्याच रेघेवर आडवा काप. कुणी विचारलं, "तात्या, गेलेल्याची कशाला ओढता?" तर म्हणायचे, "गेलेलंच आधी विसरतो माणूस."

तीनशे एकोणीस रेघा. त्यातल्या सत्तावीस काप असलेल्या.

पुढं काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. बायको गेली. मुलगी वैजयंता, ती गावच्या डेअरीत दुधाचं फॅट मोजते, तिनं वडिलांना संभाळलं. आणि मग तात्यांचं मन निसटायला लागलं. सकाळी जेवले ते दुपारी आठवेना. कधी कधी वैजयंतालाच विचारायचे, "बाई, तू कुणाची?" पण — हे नीट ऐका — तिसऱ्या प्रहरी तिनं त्यांना गोठ्यात नेऊन त्या बंद गाडीशेजारी बसवलं, की म्हाताऱ्याचं बोट टाकीवर चालायला लागायचं. एका रेघेवर थांबायचं. "ही पाथरवाडीची. शिंद्याची कपिला. खोंड झालं, कपाळावर चांदवा." बोट पुढं. "ही घोडेखिंडीची म्हैस. गेली बिचारी. म्हातारी माझ्या गळ्यात पडून रडली." नाव, गाव, वासराचा रंग, सगळं! डोक्यातलं गेलं होतं, पण टाकीवरचं शाबूत होतं. रोज सहा वर्षं तो बाप आपली टाकी वाचत होता. आणि रेघांना गंज चढू नये म्हणून रोज त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचा. त्या टाकीवर गंजाचा एक ठिपका नव्हता, मंडळी.

आता तुम्ही म्हणाल, "महाराज, व्हिडिओत तर गाडी लाल झालेली होती." येतो, त्याच्यावरच येतो.

तात्यांना एक्क्याऐंशी पूर्ण होणार होती. सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. वैजयंतानं विचारलं, "तात्या, तुम्हाला काय हवं?" तर म्हणाले, "एकदा गाडीचा आवाज ऐकव." बस्स. एवढंच मागितलं. ती विक्रांतकडं गेली. तिनं त्याला सांगितलं, "दादा, नवी कोरी नको. फक्त चालती कर. टाकी आहे तशी राहू दे." आणि तो म्हणाला, "आक्का, काळजी सोड. तात्या बघतच राहतील." आंधळ्या माणसाबद्दल म्हणाला, बघतच राहतील!

त्याला का ऐकू आलं नाही? कारण त्याचा अनुभव होता. सगळेच 'नवी नको' म्हणतात आणि चमकणारी गाडी बघून रडतात. त्याला वाटलं, ही भिडेपोटी म्हणतेय. आणि दुसरी अडचण. गाडी आली ती स्वच्छ! तेल लावलेली, पुसलेली, जपलेली. आता गंजच नसेल तर 'गंजमुक्ती' कशाची दाखवायची? मग त्यानं काय केलं? आठ दिवस त्या गाडीवर मिठाचं पाणी मारलं. अहो, आधी रोग घातला आणि मग औषध दाखवलं! एकतीस वर्षं ज्या गाडीनं रोग बरे केले, तिला रोग घातला! आणि आम्ही घरोघर ओट्यावर बसून म्हणतोय, "अरेरे, काय ही अवस्था, घरच्यांनी लक्ष दिलं नाही वाटतं." आम्ही वैजयंताला नावं ठेवली. तिनं ती सगळी वाचली.

मग तो दिवस. अंगणात पाट, रांगोळी, पाहुणे. समोर कॅमेरा. कापड ओढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. विक्रांतनं तात्यांचा हात धरून टाकीवर ठेवला. म्हाताऱ्याचं बोट निघालं. इकडं गेलं, तिकडं गेलं. थांबायला जागा मिळेना. दुसरा हात आला. दोन्ही हात फिरायला लागले.

"कुणाची गाडी आणली, बाळा?"

"तुमचीच, तात्या."

"माझी नाही. माझी गोठ्यात आहे ना, तिला रेघा आहेत."

"तात्या, खराब ओरखडे होते, काढून टाकले. आता आरसा झालीय नुसती."

म्हाताऱ्याचे हात टाकीवर फिरतच राहिले. विक्रांतला वाटलं, किक मारू, खूश होतील. मारली. पहिल्याच किकला गाडी बोलली. कसब खरंच होतं हो त्याच्या हातात, खोटं कशाला बोलू. आणि तात्यांनी मान वर केली. म्हणाले, "आवाज माझ्या गाडीचा आहे." आणि मग म्हणाले, "वैजू, आवाज आला. मग गाडी कुठं गेली?"

आणि रडायला लागले.

ते रडणं! तेच रडणं मी बघितलं! त्यांचं बोलणं कापून टाकलं आणि त्यावर बासरी लावली! शोकाला आनंदाची चाल लावली, आणि हा तुमचा महाराज खाली लिहितो, 'सुंदर जीर्णोद्धार'. अरे, जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. जीर्ण झालेल्याला हात देऊन वर उचलायचं. आणि माझ्याच हातानं तो शब्द मी कुठं चिकटवला?

मला हे कळलं कसं? गेल्या महिन्यात कुसगावला माझं कीर्तन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई पाया पडायला आली. पाया पडली नाही. उभी राहून मोबाईल पुढं केला. माझा फोटो, माझं नाव, माझं लिहिणं. म्हणाली, "महाराज, हे तुम्हीच का?" मी कौतुकानं हो म्हणालो. वाटलं, भक्त आहे. ती म्हणाली, "मग घरी चला. धन्य झालेले दाखवते."

गेलो. गोठ्यात ती चमकणारी गाडी, आणि शेजारी स्टुलावर तात्या. दोन्ही हात टाकीवर, शोधताहेत. "सापडत नाही," एवढंच म्हणतात. परत शोधतात. वैजयंता म्हणाली, "त्या दिवसापासून एकाही जनावराचं नाव निघालं नाही तोंडातून. मला तर ओळखतच नाहीत आता. माझा बाप त्या टाकीत होता, महाराज. घासून काढला."

मी तिथून तडक विक्रांतच्या गॅरेजवर. म्हटलं, "तुला कुणी अधिकार दिला? ती बाई नको म्हणाली होती ना?" नाही नाही ते बोललो. कीर्तनकाराच्या तोंडी शोभणार नाही असं बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. हात पुसले, मोबाईल काढला आणि मला एक वेडीवाकडी रेघ दाखवली. म्हणाला, "महाराज, कुठला भाग लोक मागं घेऊन घेऊन बघतात, ते यात कळतं. हा उंचवटा बघा. सातवं मिनिट. टाकी घासली तो भाग. प्रत्येक व्हिडिओत घासण्याच्या भागालाच परत परत येतात लोक. म्हणून मी घासतो. तुम्ही किती वेळा बघितलंत?"

मी त्या उंचवट्यावरून नजर काढली.

"आणि जीर्णोद्धार तुम्हीच म्हणालात ना? मी तर नुसतं टाकी साफ केली म्हणत होतो. तुमचं वाचून मला वाटलं, चांगलंच काहीतरी झालं आपल्या हातून."

मंडळी, माझ्या अंगावरचं उपरणं मला जड झालं. मिळालं का उत्तर? बघणाऱ्याला काही लागतं का? तिथं उंचवटा होता, आणि त्या उंचवट्यात तीन वेळा मी होतो. मी बघितलं म्हणून त्यानं घासलं. मी टाळी वाजवली म्हणून उद्या तो दुसऱ्या कुणाच्या बापाची टाकी घासणार होता.

मी त्याला म्हटलं, "चल. दोघंही जाऊ. मला एकट्याला तिथं तोंड दाखवता येत नाही."

आम्ही तात्यांसमोर जाऊन बसलो. विक्रांतकडं एक गोष्ट उरली होती. गाडी आली त्या दिवशी, मीठ मारायच्या आधी, त्यानं टाकीचं जवळून चित्रण केलं होतं. गंज नाही म्हणून वापरलं नव्हतं. त्यात एकूण एक रेघ दिसत होती. तो म्हणाला, "तात्या, चुकलो. माझ्याकडं फोटो आहे. मी जशाच्या तशा सगळ्या रेघा परत ओढून देतो. चार दिवसांत."

तात्यांची बोटं टाकीवर फिरत राहिली. वैजयंताला वाटलं, कळलंच नाही त्यांना. मग म्हणाले, "बाळा, देवाचा कौल घेतल्याशिवाय देवळाचं एक कौल काढत नाहीत. तू कुणाला विचारून काढलंस?"

विक्रांत म्हणाला, "कुणालाच नाही."

"मग आता विचारून लाव. रेघ माझी नव्हती. ज्याच्या दारात ओढली त्याची होती. त्या दारात जा. त्यानं हो म्हटलं तर त्याच्या हातानं ओढून घे."

दिवसभर आपल्या मुलीला न ओळखणारा माणूस हे बोलला. मी तिथं बसलो होतो, माझ्या कानांनी ऐकलं. नंतर लगेच त्यांनी विचारलं, "बाई, तू कुणाची?"

तेव्हापासून विक्रांतनं कॅमेरा पेटीत घातलाय. तो व्हिडिओ काढून टाकला. कुणी त्याला म्हणालं, "अरे, हे दारोदार फिरणं शूट कर, लाखो लोक बघतील." तो म्हणाला, "म्हणूनच नाही." कापलेलं कॅरिअर त्यानं परत जोडलं, सांधा दिसतो, दिसू दे म्हणाला. सहा वर्षं रोज ऐकून वैजयंताला ज्या रेघा पाठ झाल्या होत्या, त्या तिनं वहीत लिहून दिल्या. ती वही घेऊन तो वाडी वाडी फिरतो. काही दारांना कुलूप आहे. काही घरं शहरात गेली. एका ठिकाणी त्याला ओट्यावरून हाकलून दिलं, आणि बरोबर केलं. एक्कावन्न रेघा झाल्या आजपर्यंत. दोनशे अडुसष्ट बाकी.

आणि तात्या? खोटं सांगणार नाही. सगळं परत आलं नाही, येणारही नाही. पण गेल्या सोमवारी नव्या रेघेवर बोट थांबलं आणि म्हणाले, "पाथरवाडी. कपाळावर चांदवा." वैजयंता उठून बाहेर गेली आणि पदर तोंडाला लावून रडली.

आता तुमच्याकडं येतो. तुम्हाला वाटलं, गोष्ट कुसगावची आहे, आपण ऐकतोय, आपलं काय जातं? परत बघणारेच झालात! अहो, वहीतलं एक पान तुमचं आहे. तुमच्या या चाफेवाडीच्या चार रेघा आहेत. एकीवर वैजयंतानं असं लिहिलंय — 'चाफेवाडी, देवळामागं, तिरकी रेघ. रेडकू पायाळू. दोघं वाचली. घर आठवत नाही.' पायाळू म्हणजे आधी पाय आलेलं. देवळामागं घरं किती आहेत? पाच? सहा? कुणाच्या गोठ्यात तात्या आले होते? कुणाच्या दारात त्यांनी हात धुतले?

मी थांबतो. मला घाई नाही.

या मंडपाच्या दाराशी ती गाडी उभी आहे. मघापासून तुम्ही येता जाता तिच्या चमकेकडं बघताय, काही जणांनी फोटोही काढले, मी पाहिलंय. तिच्याशेजारी खुर्चीवर जे म्हातारे बसलेत ते तात्या. हातात खिळा घेऊन उभा आहे तो विक्रांत. तो काही बोलणार नाही, मीच त्याला बोलू नको म्हटलंय.

कोण उठलं? खांबाजवळ... आजी, तुम्ही? वाट द्या रे त्यांना. मोठ्यानं बोला आजी, तात्यांना ऐकू जाऊ दे.

"माझी म्हस हुती ती. मालकानं तर कसाब बोलवायचा म्हटलं हुतं. ह्यो बाबा आला, आन् दोन तास हात घालून बसला."

या आजी. विक्रांत, त्यांना आधी विचार. हां, असं. त्यांनी हो म्हटलं. खिळा त्यांच्या हातात दे. वाकडी आली तरी चालेल आजी, तिरकीच ओढायची आहे. तात्या, बोट इथं ठेवा, शेजारी.

आणि तुम्ही — ए, पुढच्या रांगेतले! तो मोबाईल खाली. तोही खाली. हे बघायचं नाही. इतकी वर्षं नुसतं बघत आलोय आपण. आता डोळे मिटा सगळ्यांनी, तात्यांसारखे. खिळा टाकीवर चाललाय. ऐका.